टाकीने सोसलेले घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण सगळेच म्हणतो आणि दर वेळी कौतुक दगडाचं करतो. माझा धंदा टाकीच्या बाजूचा आहे. ड्रिल मशीन, हॅमर, इम्पॅक्ट ड्रायव्हर यांच्या तोंडाला लागणारी बिटं मी डिझाइन करतो. तेव्हा आज टाकीने काय सोसलं, त्यावर बोलू.

त्यासाठी तंजावरसारखी जागा नाही. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. लोक तो वाचायला जातात, मी अक्षरांच्या कडा बघत बसतो. देऊळ १०१० मधलं, ग्रॅनाइटचं. कावेरीच्या गाळाच्या या सपाट मुलखात असा दगड सापडत नाही, तो लांबून आणलेला आहे. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहस मापावर ७. चांगलं कडक केलेलं पोलादही त्याच्या आसपासच घुटमळतं. म्हणजे लाकूड तासावं तसा हा दगड तासता येत नाही, ठोक्याठोक्याने चुरडावा लागतो. एकेका वेलांटीमागे ठोक्यांची रास आहे, आणि प्रत्येक ठोका दगडाइतकाच टाकीलाही बसलेला आहे.

मग टाकी टिकते कशी? उत्तर लोहाराकडे आहे. आपण म्हणतो, हत्याराला पाणी दिलं. लोहार टाकी लाल करतो, पण पाण्यात बुडवतो फक्त टोक. टोक काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळही. मागच्या दांड्यात उष्णता शिल्लक असते, ती हळूहळू टोकाकडे येते. घासून चकचकीत केलेल्या टोकावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा साधारण २२० ते २४० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या जवळ. हवा तो रंग दिसला की पुन्हा पाण्यात. टोक कडक, अंग चिवट आणि डोकं मऊ. डोकं मुद्दाम मऊ, कारण तेही कडक असतं तर हातोडीच्या ठोक्याने तुकडा उडून डोळ्यात गेला असता. मऊ डोकं फुलासारखं पसरतं, आणि पसरलेल्या पाकळ्या वेळच्या वेळी ग्राइंडरवर काढाव्या लागतात.

दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "किती कडक आहे?" आणि विकणारा आकडा फुगवतो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कडकपणा झीज थांबवतो, मोडणं थांबवत नाही. बरेचदा उलटंच होतं.

इम्पॅक्ट ड्रायव्हरचं बघा. स्क्रू अडला की आतला हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि फिरता फिरता आडवा आदळतो. मिनिटाला ३,००० हून जास्त वेळा. साधं बिट कडक, आखूड आणि सरळ असतं, त्यामुळे सगळा धक्का थेट टोकाच्या पाकळ्यांवर जातो. त्या पाकळ्यांना कोपरे आहेत, आणि ताण कोपऱ्यात साठतो. टोक उडतं. शिडीवर चढून डोक्यावरच्या छतात स्क्रू मारणाऱ्या माणसाच्या तोंडावर तो तुकडा येतो. आमच्या कामात खरा हिशेब त्या माणसाच्या डोळ्यांचा आहे, बिटाची किंमत त्यापुढे किरकोळ.

उपाय ऐकायला उलटा वाटतो: बिटाची मान बारीक करायची. ६ मिलिमीटरची मान ४.५ केली तर पिळाला होणारा तिचा विरोध एक तृतीयांशाहूनही कमी होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून आहे. मान क्षणभर पिळते, ठोक्याची ऊर्जा साठवते आणि परत सुटते. ठोक्याची सगळी ऊर्जा मानेनेच घेतली असं धरलं, तर टोकाला पोचणारा झटका जवळपास निम्म्यावर येतो. पण फुकट काही मिळत नाही. त्याच ठोक्याला मानेतला ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तो आम्ही चालवून घेतो, कारण मान गोल आणि गुळगुळीत आहे, तिला कोपरे नाहीत. शिवाय मान लांब केली की तीच ऊर्जा जास्त पोलादात वाटली जाते आणि दोन्हीकडचा ताण उतरतो. म्हणून २५ मिलिमीटरच्या आखूड बिटात हा खेळ फारसा जमत नाही, ५० च्या बिटात जमतो. इम्पॅक्टवर काम करायचं असेल तर लांब बिट घ्या.

पोलाद बहुधा एस२ जातीचं, अर्धा टक्का कार्बन, सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम असलेलं. यातलं एस म्हणजे शॉक, धक्का. हा वर्गच छिन्न्यांसारख्या ठोके खाणाऱ्या हत्यारांसाठी ओळखला जातो. तमिळमध्ये छिन्नीला उळी म्हणतात. माझ्या लेखी इम्पॅक्ट बिट म्हणजे फिरणारी उळीच.

जाता जाता एक तक्रार. विक्री विभागाला बिटावर नाव ठळक हवं असतं. ठोकून छापलेलं प्रत्येक अक्षर ही एक खाच असते, आणि तडा खाचेतूनच निघतो. भिंतीवर अक्षरं खोल असावीत, बिटाच्या मानेवर नकोत. नाव घालायचंच तर जाड षटकोनी भागावर, उथळ.

काँक्रीट आणि दगडाच्या बिटांची गोष्ट वेगळी. तिथे टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं. ते क्वार्ट्झहून कितीतरी कठीण, पण ताण पडला की तडकणारं. त्यात कोबाल्ट वाढवला की चिवटपणा वाढतो आणि झिजण्याचा वेग वाढतो. किती घालायचा, हा कायमचा वाद. दुसरी अडचण सांध्याची: तापल्यावर पोलाद कार्बाइडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून चांगल्या सांध्यात मधे तांब्याचा पातळ थर ठेवतात, तो दबतो आणि ताण पोटात घेतो. आणि काँक्रीटमधली सळई! दोन धारांचं टोक सळईला अडकतं, मशीन हाताला हिसका देतं. चार धारांचं टोक त्या मानाने कमी अडकतं. जुन्या दगडी बांधकामात मात्र हॅमर चालवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बिट टिकेल, दगडात नको तिथे तडा जाईल. तिथे हिऱ्याचा कोअर बिट, पाणी सोडून, ठोक्याविना.

आता शेवटचं. मोडलेलं बिट फेकू नका, तोंड बघा. खडू पिळून तोडलात तर तो ४५ अंशांत तिरका, मळसूत्रासारखा तुटतो. बिट तसं तुटलं असेल तर ते ठिसूळ होतं, पाणी जास्त कडक राहिलं. तुटलेला भाग सपाट आणि मान पिळलेली असेल तर पोलाद चिवट होतं, जोर मात्र पेलण्यापलीकडचा पडला. आणि तोंडावर एका कडेपासून शिंपल्यासारख्या रेषा पसरलेल्या असतील, तर तडा बरेच दिवस आधी सुरू झालेला आहे. तो कुठून निघाला ते भिंगातून शोधा, बहुधा एखादा ओरखडा सापडेल. इथे टेबलावर तिन्ही प्रकारची बिटं आणि खडूची पेटी ठेवली आहे. पुढे या, हातात घ्या, आणि प्रश्न विचारा.