जे लिहिले आहे ते सापडले पाहिजे



ग्रंथपाल आणि संगणकाची माणसे एका मांडवाखाली बसली, आणि तीही मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. मराठीत जे लिहिले गेले आहे, ते मराठीत विचारणाऱ्याला सापडले पाहिजे. आणि ते सापडावे यासाठी लागणारी निम्मी मेहनत आपण करायची आहे. ती दुसरे कोणी करून देणार नाही.

उदाहरण इथलेच घेऊ. समजा, या वस्तीतल्या एखाद्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाइलवर ‘बांगड्यांचे प्रकार’ असे लिहिले. तिला मासा हवा आहे. यंत्रापुढे मात्र बांगडा आणि बांगडी दोन्ही येऊन उभे राहतात, कारण अनेकवचनी सामान्यरूप दोघांचेही एकच होते. ‘हलवा’ विचारला तर गाजराचा आणि दुधीचा आधी येणार. काळे पापलेट म्हणूनही विकला जाणारा हलवा कुठे तरी मागे. ‘जवळा’ची अवस्था आणखी कठीण. प्रत्यय छाटणाऱ्या आज्ञावलीने शेवटचा काना काढला की ‘जवळ’ उरते, आणि ‘जवळ’ हा शब्द ‘आणि’, ‘पण’, ‘वर’ यांच्या पंगतीत बसवून शोधातून वगळलेला असू शकतो. म्हणजे विचारणाऱ्याच्या प्रश्नातून नेमका जवळाच नाहीसा झाला. बोंबलाचे तर शेपूट छाटूनही भागत नाही. ‘बोंबील’चे ‘बोंबलाचे’ होताना शब्दाच्या पोटातली वेलांटीच जाते.

यात यंत्राला दोष देण्यासारखे काही नाही. शोधयंत्राच्या मुळाशी असते ती शब्दसूची. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आला याची नोंद आधीच करून ठेवायची, आणि प्रश्न आला की त्या नोंदी काढायच्या. त्या नोंदींना वजन कसे द्यायचे, हे १९७२ साली इंग्लंडमध्ये कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने दाखवून दिले. जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो त्याला जास्त वजन, जो सगळीकडे येतो त्याला कमी. इतकी साधी कल्पना, पण पुढची कितीतरी दशके जगातली शोधयंत्रे तिच्यावर उभी राहिली. ‘दांड्यातल्या मच्छीमारांचा इतिहास’ असे विचारले, तर ‘इतिहास’ लाखो पानांवर असणार, ‘दांडा’ मोजक्या. साहजिकच वजन दांड्याला मिळायला हवे. पण मराठीत दांडा, दांड्यात, दांड्यातल्या, दांड्याहून, दांडेकर ही सगळी रूपे यंत्राला निरनिराळे शब्द वाटली, तर त्यातले प्रत्येक रूप खोटेच दुर्मीळ ठरते. वजनांचा सगळा हिशेबच बिघडतो. शब्दांना फारसे प्रत्यय न लागणाऱ्या इंग्रजीत ही अडचण किरकोळ आहे. आपल्याकडे ती मुळावर येते.

यावर काम झालेले आहे, आणि त्यातले बरेच आपल्या उपनगरात झालेले आहे. पवईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदीबरोबर मराठीचे शब्दजाल उभे केले. त्यात शब्द अर्थांच्या गटांनी बांधले आहेत, त्यामुळे मासा आणि दागिना वेगळे करायला आधार मिळतो. त्याच संस्थेच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या मदतीने, अनेक संस्थांनी मिळून ‘संधान’ हे भारतीय भाषांसाठीचे शोधयंत्र तयार केले. पर्यटन हा विषय त्यांनी निवडला होता आणि सुरुवातीच्या पाच भाषांत मराठी होती. तिथलेच प्राध्यापक सौमेन चक्रबर्ती यांचे नाव १९९९ सालच्या एका महत्त्वाच्या कल्पनेशी जोडलेले आहे. सगळे महाजाल पिंजून काढण्याऐवजी ठरलेल्या विषयाचीच पाने हुडकत जाणारी आज्ञावली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर मांडली. लहान भाषांसाठी ही कल्पना मला मोलाची वाटते. आपल्याला सगळे जग गोळा करायचे नाही, आपले तेवढे नीट गोळा करायचे आहे.

शोध चांगला लागला की वाईट, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर एका ग्रंथपालाने दिले, हे आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. सिरिल क्लेव्हरडन हे इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल. ठरावीक कागदपत्रे घ्यायची, ठरावीक प्रश्न घ्यायचे, कोणत्या प्रश्नाला कोणता कागद खरोखर उपयोगी हे जाणत्या माणसांकडून आधीच ठरवून घ्यायचे, आणि मग प्रत्येक पद्धत त्या कसोटीवर घासून पाहायची. साठीच्या दशकात त्यांनी घालून दिलेली ही रीत आजही चालते. भारतीय भाषांसाठी असा उपक्रम कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने २००८ साली सुरू झाला. त्यात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’मधल्या जवळजवळ एक लाख बातम्यांचा मराठी संच होता. त्या संचावर कोणी काम केले पाहा: स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठात ल्यिलियाना डोलामिक आणि झाक साव्हॉय यांनी मराठीचे प्रत्यय छाटण्याच्या पद्धती तयार केल्या, तपासल्या, आणि मराठीतल्या वगळायच्या शब्दांची यादीही सर्वांना खुली करून दिली. त्यांचे आभार मानावेत तितके थोडे. पण ही यादी नागपूर, कोल्हापूर किंवा मुंबईतून आधी का निघाली नाही, हा प्रश्न मला टोचतो. पुण्याच्या ‘एल थ्री क्यूब’ गटाने २०२२ साली मराठी वाक्यांचा प्रचंड साठा आणि त्यावर शिकवलेली भाषा-प्रारूपे खुली केली, तेव्हा म्हणूनच मला विशेष समाधान वाटले. शेजारचे शब्द पाहून ‘बांगड्यांचे कालवण’ आणि ‘बांगड्यांचे दुकान’ यांतला फरक ओळखणारी प्रारूपे ती हीच.

गूगलच्या पानक्रमाच्या युक्तीबद्दल थोडेच बोलतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. एखाद्या पानाकडे किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, यावरून त्याची प्रतिष्ठा ठरवायची. तिच्या पेटंटसाठी जानेवारी १९९८ मध्ये अर्ज झाला आणि ते २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावे मंजूर झाले. तिच्या मागे यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली आणलेली विज्ञान-संदर्भसूची आहे. तीही ग्रंथालयशास्त्राच्याच अंगणातली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की या युक्तीला दुवे लागतात, आणि मराठी संकेतस्थळे एकमेकांना दुवे देण्यात फार हात आखडता घेतात. दुसऱ्याच्या लेखाचा आधार घ्यायचा आणि त्याच्याकडे जाणारी वाट मात्र ठेवायची नाही, ही सवय आपल्या सगळ्यांचे नुकसान करते.

पेटंटचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ (के) निव्वळ संगणकीय आज्ञावलीला आणि गणिती रीतीला शोध मानत नाही. काही उद्योजकांना ही अडचण वाटते. मला ते कलम राहावेसे वाटते. शब्दांच्या वजनाची कल्पना कुणाच्या कुलपात नव्हती, म्हणूनच ती मराठीपर्यंत पोचली. ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांचेही तसेच. त्यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि एकाच विषयाकडे पाच अंगांनी पाहायला शिकवले. आज खरेदीच्या संकेतस्थळावर किंमत, आकार, रंग, बनावट निवडून माल गाळून घेताना आपण जे करतो, त्यामागे हाच विचार आहे. रंगनाथनांनी त्याचे भाडे कुणाकडे मागितले नाही.

आता शिफारशींकडे वळतो, कारण आज वाचक शोधलेल्यापेक्षा सुचवलेलेच जास्त वाचतो. १९९२ साली झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात एक पद्धत आली: इतरांनी दिलेले शेरे पाहून आपल्यापुढे येणारा मजकूर गाळायचा. १९९४ मध्ये ‘ग्रुपलेन्स’ने ते काम यंत्रावर सोपवले, आवडी जुळणाऱ्या माणसांच्या मतांवरून तुमची आवड वर्तवायची. अॅमेझॉनने माणसे जुळवण्याऐवजी वस्तू जुळवल्या: हे घेणारे तेही घेतात. २००६ साली नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले आणि दहा कोटी शेऱ्यांचा साठा जगापुढे ठेवला. २००९ मध्ये दहा टक्क्यांहून अधिक सुधारणा करणाऱ्या संघाने बक्षीस जिंकलेही. तरी तो सगळा जिंकलेला डोलारा कंपनीने जसाच्या तसा वापरात आणला नाही. त्यासाठीचा खटाटोप फायद्याच्या मानाने जास्त होता.

या सगळ्या पद्धतींचा पाया गर्दी आहे. ज्याला गर्दी नाही त्याचे काय? नवे पुस्तक, लहान प्रकाशक, आगरी-कोळी बोलीतला कवितासंग्रह यांना कुणी शेरा दिलेला नसतो, म्हणून ते सुचवले जात नाहीत. सुचवले जात नाहीत म्हणून त्यांना कुणी शेरा देत नाही. आपल्या भाषेतले कितीतरी चांगले लेखन या चक्रात अडकून पडले आहे, आणि मला ते सहन होत नाही.

गर्दीवाचूनही शिफारस करता येते, याचा पुरावा कोळीवाड्यांना मिळत असतो. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला आपण ‘इन्कॉइस’ म्हणतो, मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना किनाऱ्यावरच्या भाषांत देते. मराठीतही देते. काल सगळ्या होड्या कुठे गेल्या होत्या, यावर ती सूचना बेतलेली नसते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य उपग्रहावरून मोजायचे, थंड आणि उबदार पाणी कुठे भिडते ते पाहायचे, तिथे प्लवक वाढते, प्लवकामागे मासा येतो. कारणांवरून केलेली ही शिफारस आहे. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात ती दिलीही जात नाही. सुचवू नये तेव्हा गप्प राहणे ही शिफारस-यंत्राची फार मोठी पात्रता आहे, आणि मोबाइलमधल्या बहुतेक यंत्रांकडे ती नाही.

पुस्तकांच्या बाबतीत ही कारणे ग्रंथपालाला माहीत असतात. हे पुस्तक कशाबद्दल आहे, कोणत्या मुलखातले आहे, किती कठीण आहे, त्याच्यापुढे काय वाचावे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या आणि नंतर १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार सूची केली. एका माणसाच्या ध्यासातून झालेले ते काम आजही मराठीतले सर्वांत विश्वासू शोधसाधन आहे, असे माझे मत आहे. तशा नोंदी यंत्राला दिल्या, तर पहिल्याच दिवशी, एकही शेरा नसताना, ते यंत्र नव्या पुस्तकाला योग्य वाचक सुचवू शकेल.

त्यासाठी आपले घर मात्र नीट करावे लागेल. श्रीलिपीसारख्या जुन्या साच्यांत टंकलेल्या मजकुराचे रूपांतर युनिकोडमध्ये झाल्याशिवाय शोधयंत्राला तो वाचताच येत नाही. चित्र म्हणून चढवलेल्या पानांचेही तेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी जुने अनुस्वार गेले. त्यामुळे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तें’ असे छापलेले पुस्तक आजच्या ‘नाव’, ‘काही’, ‘ते’ लिहिणाऱ्याला सापडत नाही. इथे पुस्तक बदलायचे नाही. सूचीत दोन्ही रूपे एका ठिकाणी बांधायची. ‘खारदांडा’, ‘खार दांडा’, ‘दांडा कोळीवाडा’ ही एकच वस्ती, हेही कुणी तरी माणसानेच सांगावे लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने होणाऱ्या कामांत या कामाला जागा मिळावी, म्हणून मी तीन मागण्या मांडतो. सरकारी अनुदानातून छापलेला प्रत्येक ग्रंथ युनिकोडमध्ये, शोधता येईल अशा रूपात, खुला व्हावा. जुन्या-नव्या लेखनरूपांची जोडयादी सर्व ग्रंथालयांनी मिळून करावी आणि कोणालाही वापरू द्यावी. तिसरी मागणी आपल्याकडेच आहे. आपल्या टेबलापाशी येऊन वाचक खरोखर जे प्रश्न विचारतात, ते त्यांची नावे न लिहिता, त्यांच्याच शब्दांत, बोलीसकट नोंदवावेत, आणि प्रत्येकापुढे आपण दिलेली पुस्तके लिहावीत. क्लेव्हरडन यांनी सांगितलेली कसोटी मराठीसाठी अशीच तयार होईल. पवईची किंवा पुण्याची तरुण मंडळी त्यावर आपली प्रारूपे तपासू शकतील. नोंदीचा नमुना तक्ता तुमच्या पिशव्यांत ठेवला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल. रकाने कमी पडत असतील तर तिथेच सांगा, म्हणजे उद्या निघण्यापूर्वी सुधारलेला तक्ता प्रत्येकाच्या हाती देता येईल.