तुरीच्या फुलावरची एकांडी माशी



गुलाबाच्या पानाची कड कधी कधी कात्रीने कापावी तशी गोल कापलेली दिसते. अळीने खाल्लेले पान वेडेवाकडे कुरतडलेले असते. ही सुबक कापणी मात्र पाने कापणाऱ्या माशीची.

मधमाशीच्याच गणगोतातली ही. पण हिला पोळे नाही, राणी नाही. मादी एकटीच संसार मांडते. पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात पानाचे तुकडे गुंडाळून ती शिंप्याच्या अंगुस्तानासारखी खोली करते. आत मकरंदात कालवलेला पराग भरते, त्यावर एकच अंडे घालते आणि पानाच्या चकत्यांनी तोंड बंद करते. पान ती खात नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात तिचे मोल कळते ते तुरीच्या शेतात. ती फुलावर बसली की खालची पाकळी दबते आणि पराग तिच्या पोटाखालच्या दाट केसांना लागतो. तूर स्वतःच्या परागानेही फळते, हे खरे. पण १९९१ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा संकरित वाण आला. अशा वाणाचे बी धरायचे तर ओळीतल्या मादी झाडांवर पराग कीटकांनीच न्यावा लागतो.

म्हणून शेतकरी बंधूंनो, तूर फुलात असताना गरज नसता औषध फवारू नका; फवारावेच लागले तर दिवस मावळल्यावर फवारा. बांधावरच्या पोकळ काड्या सगळ्याच जाळू नका. आणि गुरुजी, ते कापलेले पान मुलांना दाखवा. ही कीड नव्हे, हे त्यांना सांगा.