आपली वंशावळ आपणच लिहायची

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला नाही, फक्त वेळ दिली. आम्ही गिरणी कामगार माणूस. शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयात जेवढं झालं तेवढं. पण गेली काही वर्षं वस्तीतल्या पोरांच्या जात पडताळणीच्या कागदांसाठी तहसील कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो आहोत. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रत्येक घरात एकच अडचण येते. पोराला विचारलं, वडलांचं नाव? सांगतो. आजोबांचं? सांगतो. पणजोबांचं? गप्प. आणि पणजीचं नाव विचारलं तर सगळं घरच गप्प. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक आहे १० ऑगस्ट १९५०. त्याच्या आधीचा पुरावा लागतो आणि तो पुरावा ज्याचा आहे त्याच्यापासून आपल्यापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. मधलं एक नाव निसटलं की साखळी तुटते आणि पोराचा प्रवेश लटकतो. म्हणजे हा काही हौसेचा विषय नाही.

मोठ्या घराण्यांच्या वंशावळी भाटांनी लिहिल्या, तीर्थाच्या ठिकाणी पुरोहितांनी वह्यांत उतरवल्या. आपल्या घरी भाट कोण येणार? ज्याला सावली चालत नव्हती त्याचं नाव वहीत कोण घेणार? पण बंधूंनो, म्हणून आपली नावं कुठेच नाहीत असं समजू नका. आपली नावं आपल्या कष्टाच्या कागदांत आहेत. जिथे राबवून घेतलं तिथे नोंद ठेवावीच लागली.

पहिला कागद वतनाचा. गावच्या हद्दीचा तंटा झाला तर महाराने दाखवलेली हद्द मानली जाई. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याच्या जमिनी ठरल्या, त्याची स्वतःची हाडकी-हाडोळ्याची तुकडा जमीन साऱ्या महारवाड्याची मिळून असे आणि कागदावर दोन-चारच नावं असत. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणलं. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतनं गेली. पण वतनाच्या नोंदी आणि फेरफार आजही कामाला येतात. वारस नोंदीत कुणाकुणाचे भाऊ लिहिले आहेत ते बघा. मुंबईला आलेला भाऊ बहुधा तिथे गळलेला असतो, तोही मांडा.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. अनेक गावांत कोतवाली आपल्याच माणसांकडे होती. जुन्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतं. बापाचं नाव, जात, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. तेव्हा मुलाचं नाव शोधत बसू नका, बापाचं नाव आणि साल धरून चला. मोडी असेल तर मोडी वाचणारा गाठा. मराठवाड्यातल्या मंडळींना निजामाच्या काळचे उर्दू कागद लागतील.

तिसरा कागद शाळेचं रजिस्टर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. त्या एका ओळीची किंमत आज साऱ्या देशाला ठाऊक आहे. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, आणि शाळेत आंबेडकर. बाबासाहेबांच्याच घरात आडनाव बदललं, तर तुमच्या-आमच्या घरात बदललं यात नवल ते काय! गावाकडे एक, मुंबईच्या तिकिटावर दुसरं, हे घरोघर आहे. आडनाव जुळलं नाही म्हणून कागद टाकू नका. गाव, बाप आणि साल या तीन गोष्टी जुळवा.

नावंसुद्धा बदलत आली. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' ने संपणारी नावं कोरलेली आहेत. ती महार शिपायांची ओळख. फौजेत कुणी होतं का, हे घरात जरूर विचारा.

गिरणीतही खुणा आहेत. साच्याच्या खात्यात धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्याला तिथे घेत नसत. आपला माणूस बहुधा रिंगखात्यात असे. तेव्हा आजोबांचं तिकीट, फंडाचा कागद, चाळीची भाडेपावती जपून ठेवा. फंडाच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव घातलं आहे तेही वाचा.

आता कागदाच्या पलीकडची गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांच्या नावातच दगड होता. लहानपणी आम्हाला त्या नावाचं हसू यायचं. आमची थोरली आत्या आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्याच्या आदीची दोन गेली मानमोडीत. ह्यो तरी दगडावानी टिकावा म्हून ठेवलं नाव." मानमोडीची साथ १९१८ ची. आमच्या वंशावळीत दोन लेकरांची जागा रिकामी होती आणि ती रिकामी आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. एका नावाने ती दाखवली. धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा ही नुसती गावंढळ नावं नाहीत. त्यांच्यामागे बहुतेक एखादं गेलेलं लेकरू असतं. आणि कुणा आजीचं नाव नकुसा असेल तर तिच्या आधी किती मुली झाल्या ते विचारा. कोतवाल बुकात त्यांची नावं मिळणार नाहीत, पण वंशावळीत जागा मिळालीच पाहिजे. आम्ही आमच्या कागदावर आजोबांच्या आधी दोन ठिपके काढले आहेत. नाव नाही, पण ते होते.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, सांगता येत नाही. "दीक्षेच्या वक्ताला तू केवढी होतीस? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पदरात कोण होतं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं होतं?" असं विचारा. ५६, ६७, ७२, सालं आपोआप हाती येतात.

आणि बायकांना आधी विचारा. लग्नात बाईचं आडनाव जाई, पुष्कळदा पाळण्यातलं नावही जाई. म्हणून एकच आजी माहेरी एक आणि सासरी दुसरी. सरकारी वंशावळ बापाच्या बाजूने चालते, चालू द्या. पण घरची वंशावळ लिहाल तेव्हा आईचं नाव, तिचं माहेरचं नाव आणि गाव लिहा. धुण्याच्या दगडावर, जात्यावर ज्यांनी नाती तोंडपाठ ठेवली, त्यांचंच नाव वगळायचं हा कुठला न्याय?

काही तरुण पोरं आम्हाला विचारतात, "काका, १९५६ साली आपण जात टाकली. मग जुने कागद कशाला उकरता? त्यावर तोच शब्द लिहिलेला आहे." प्रश्न रास्त आहे. एका पोराने तर आजोबांचा दाखला फाडायला काढला होता. त्याला आम्ही एवढंच म्हणालो, तो शब्द लिहिणाऱ्याची लाज आहे, आजोबांची नाही. आपण जात टाकली, माणसं टाकली नाहीत. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजार बौद्ध होते, १९६१ ला जवळजवळ २८ लाख झाले. हे २८ लाख आकाशातून पडले नाहीत. प्रत्येकामागे कुणीतरी वेठ केली, कुणीतरी गाव सोडलं, कुणीतरी कपाळाला हात न लावता नागपूरची वाट धरली. कुठून निघालो ते पुसलं तर किती चाललो ते नातवंडांना कसं कळणार?

म्हणून विनंती एकच. विहारात एक जाड वही ठेवू. दर रविवारी वंदनेनंतर एका घराने यावं, घरातलं सर्वांत वयस्कर माणूस सोबत आणावं आणि जेवढी नावं आठवतील तेवढी लिहावीत. लिहिणं पोरांनी करावं, सांगणं म्हाताऱ्यांनी. जिथे नाव मिळणार नाही तिथे जागा मोकळी सोडा, पुसू नका. जमिनीच्या भांडणासाठी ही वही कुणी वापरू नये, एवढी अट समितीने घालावी.

आणि उशीर करू नका. कचेरीतला कागद दहा वर्षांनीही मिळेल. घरातली म्हातारी मिळणार नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.