ओळखीपलीकडचे



आम्ही नवीन पनवेलमध्ये राहतो. वरच्या मजल्यावर अमळनेरकडच्या एक बाई आहेत. त्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या फार गोड म्हणतात, आणि मोबाइलवर उतरवून आपल्या खात्यावर ठेवतात. ऐकतात कोण? खानदेशातले त्यांचे सोयरेधायरे! आम्ही खालच्याच मजल्यावरचे, त्यातून लोकगीतांचे वेडे. पण आम्हांस ही गोष्ट कळली ती पाण्याच्या टँकरपुढे हंडा घेऊन उभे राहिलो तेव्हा. समाजमाध्यमांनी दोन वर्षांत जे केले नाही, ते टंचाईने एका सकाळी केले.

यंत्राचा दोष म्हणावा तर तो इतकाच, की ते फार आज्ञाधारक आहे. आपण कशावर थांबलो, आपल्यासारखे दुसरे कशावर थांबले, याचा हिशेब ठेवून ते पुढचा घास भरवते. आम्ही एकदा कर्नाळ्याच्या पक्ष्यांची चित्रफीत पाहिली. पुढे महिनाभर पक्षीच पक्षी. भारद्वाजाचे दर्शन शुभ खरे, पण दिवसातून किती वेळा?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. नोकरी बदललेल्या बोस्टनजवळच्या लोकांना त्याने विचारले होते, की नवी जागा कोणाकडून कळली? ज्यांना ती ओळखीतून कळली, त्यांपैकी बहुतेकांना ती जिवलगांकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली होती. जिवलगांना जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते. पनवेलकरांनी तर हे ध्यानात घ्यावे. १९७० साली सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या गावांशेजारी वसाहती उठल्या, चहूकडून माणसे आली. माणूस कळंबोलीत, पण त्याचा मोबाइल अजून साताऱ्यातच!

२०१६ साली मॅस्टोडॉन नावाचे एक माध्यम निघाले. ते एका मालकाचे नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांस जोडून चालते. आपल्या सर्व्हरवरील साऱ्यांचे जाहीर लेखन, ओळख असो वा नसो, तेथे सहसा वेळेच्या क्रमाने वाचता येते. गावची चावडीच म्हणा. चावडीवर वायफळही फार बोलले जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून चर्चेतले लेखन सर्वांपुढे मांडण्याआधी कोणी माणूस ते नजरेखालून घालतो, अशी तेथे मूळची योजना आहे. ग्रंथपाल दर्शनी कपाटात पुस्तके लावतो, तसेच हे. आणि हा माणूस आम्हांस यंत्राहून मोलाचा वाटतो. युरोपीय संघाने तर २०२२ च्या कायद्याने फार मोठ्या माध्यमांवर बंधनच घातले, की वाचकाच्या सवयींचा माग न काढणारी निवडीची एक तरी रीत त्याला उपलब्ध ठेवावी.

पण वाचकाला दार उघडे मिळाले, तरी लिहिणाऱ्याने पाटी लावायला नको काय? २००७ साली ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलेला हॅशटॅग ही ती पाटी. बाईंच्या ओव्यांवर नुसते त्यांचे नाव होते. आमच्या सांगण्यावरून त्यांनी ‘अहिराणी’, ‘ओवी’, ‘पनवेल’ असे हॅशटॅग लावले. पंधरवड्याने, आधी निरोप धाडून, कामोठ्याहून धुळ्याकडचे एक वृद्ध गृहस्थ आले. आईच्या तोंडच्या एका ओवीचा शेवटचा चरण त्यांना आठवत नव्हता. बाईंना तो येत होता.