घोडेस्वार निघून गेल्यावर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील तिळगूळ समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत 'वेस्टर्न' चित्रपटांवर बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागितली, तेव्हा आमच्या कार्यवाहांच्या मुद्रेवर जे भाव उमटले ते आम्ही अद्याप विसरलो नाही. ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत, निदान गडकिल्ले अशा विषयांची अपेक्षा असताना ही घोडी आणि पिस्तुले कोठून आली, असा प्रश्न त्यांना पडला असावा. ते सभ्य गृहस्थ असल्याने त्यांनी तो बोलून दाखविला नाही. तथापि उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

आपण बसलो आहोत तेथून रामनगर सुमारे ६० किलोमीटर. म्हैसूरच्या रस्त्याने जाताना उजव्या-डाव्या हातांना ते प्रचंड काळे-करडे खडक उभे राहू लागतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे सांगतात. त्या खडकांच्या कुशीत ऑक्टोबर १९७३ मध्ये रमेश सिप्पी यांनी 'शोले'च्या चित्रणास आरंभ केला आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो चित्रपट प्रदर्शित झाला. आपल्या मंडळाची स्थापना झाली तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो चालू होता आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ चालू राहिला. म्हणजे आपले मंडळ आणि तो चित्रपट हे समवयस्क. शिवाय त्याच्याशी आपले नातेही आहे. रामगढ हे गाव ज्यांनी माळावर उभे केले ते कलादिग्दर्शक राम येडेकर; कालिया झालेले विजू खोटे; अहमद झालेला कोवळा सचिन; आणि संकलक एम. एस. शिंदे, ज्यांच्यामुळे या चित्रपटास 'फिल्मफेअर'चे त्या वर्षीचे एकुलते एक पारितोषिक मिळाले. गब्बरसिंगाला सारा देश ओळखतो. पारितोषिक घरी नेणाऱ्या शिंद्यांना किती जण ओळखतात, हे हात वर करून सांगा असे आम्ही म्हणणार नाही.

'शोले' हा वेस्टर्नचा भारतीय अवतार, हे आता सर्वमान्य आहे. मात्र हे अवतारकार्य मोठ्या वळणाने झाले. अमेरिकेच्या जॉन फोर्डचे चित्रपट पाहून जपानचे अकिरा कुरोसावा प्रभावित झाले. त्यांच्या 'सेव्हन सामुराई'वरून (१९५४) अमेरिकेत 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) निघाला. त्यांच्याच 'योजिंबो'वरून इटलीच्या सर्जिओ लिओनेने स्पेनच्या रखरखीत मुलखात आपले चित्रपट सुरू केले. आणि या साऱ्यांचे पाणी अखेर रामनगरच्या खडकांत येऊन मुरले. गावाला वाचविण्यासाठी भाड्याने आणलेली माणसे, हे सूत्र तीन खंड फिरून आपल्या दाराशी आले. परप्रांतात येऊन स्थिरावलेल्या आपणा मंडळींस यात काही नवल वाटू नये. आपल्या मारतहळ्ळीच्या नावात मराठे आहेत की येथे जवळच तयार झालेले 'मारुत' विमान, याचा वाद अजून मिटलेला नाही. वस्तू एकीकडची आणि नाव दुसरीकडचे, हा येथला परिपाठच आहे.

वेस्टर्न म्हणजे काय? अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे, मिसिसिपी नदीच्या पलीकडचा मोकळा मुलूख, आणि तेथे कायदा पोचण्यापूर्वी पोचलेली माणसे, एवढे त्याचे भांडवल. त्याच काळात आपल्याकडे दख्खनचे दंगे झाले (१८७५) आणि वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना बरोबर घेऊन बंडास उभे राहिले (१८७९). आपण त्यांचे पोवाडे केले. अमेरिकेने चित्रपट केले. पोवाड्याप्रमाणेच त्यांतही पराक्रम मोजून थोडा वाढविलेला असतो. परंतु उत्तम वेस्टर्नमध्ये आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. ती गोष्ट चित्रपटाच्या शेवटच्या पाच मिनिटांत असते, आणि आपण मराठी माणसे नेमकी तीच पाहत नाही.

का पाहत नाही, ते सांगतो. आमचे वडील पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होते. रविवारी सकाळी जुने इंग्रजी चित्रपट स्वस्त दरात दाखविले जात, आणि महिन्यातून एखाद्या वेळी ते आम्हांस घेऊन जात. इंग्रजी उच्चार आम्हांस कळत नसत; त्यांनाही फारसे कळत नसावेत, असा आज आमचा संशय आहे. तरीही ते कानाशी कुजबुजत कथा सांगत. 'हाय नून' (१९५२) आम्ही असाच पाहिला. खलनायक कोसळला, खुर्च्या खाडखाड मिटल्या आणि वडिलांनी आमचे मनगट धरले. बस चुकली तर पुढची तासाने. आम्ही बाहेर उन्हात आलो, बस मिळाली, घरी आमटी-भात गरम मिळाला. पुढे कितीतरी वर्षे आमची अशी पक्की समजूत होती की गावकऱ्यांनी नायकाला खांद्यावर घेतले असणार.

आता त्या चित्रपटाची हकीकत ऐका, विशेषतः आपणांपैकी जे नोकरीत आहेत त्यांनी. मार्शल विल केन (गॅरी कूपर) याने त्याच दिवशी लग्न केले आहे आणि पदाचा राजीनामा दिला आहे. नवा मार्शल उद्या येणार. तेवढ्यात वार्ता येते की ज्याला त्याने तुरुंगात धाडले होते तो फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येत आहे. त्याचे तीन साथीदार स्थानकावर वाट पाहत आहेत. जुन्याने पदभार सोडला, नव्याने घेतला नाही. मधला हा एक दिवस कोणाचा? सरकारी नियमांच्या जाड पुस्तकांत याचे उत्तर सापडते. आयुष्यात सापडत नाही. केन गावाबाहेर गेलेली गाडी माघारी वळवितो आणि माणसे जमवू लागतो. न्यायाधीश सामान बांधतो. दुय्यम अधिकाऱ्याला बढती न मिळाल्याचा राग आहे. चर्चमध्ये सभा भरते. प्रत्येक जण केनची स्तुती करतो आणि कोणीही उठत नाही. त्या सभेचे दृश्य पाहताना आपणांस आपल्या ओळखीच्या काही सभा आठवतील. आजच्या सभेचा अपवाद करावा. मदतीस तयार होतो तो एक चौदा वर्षांचा मुलगा, आणि त्याला केन परत पाठवितो. अवघा ८५ मिनिटांचा चित्रपट, आणि पडद्यावरचे घड्याळ जवळजवळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाबरोबर चालते.

हे लिहिणारे कार्ल फोरमन तेव्हा स्वतःच अशा प्रसंगात सापडले होते. साम्यवादी असल्याच्या संशयावरून १९५१ मध्ये त्यांना अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे जावे लागले, स्नेही दूर झाले, आणि त्यांनी देश सोडून इंग्लंड गाठले. जॉन वेन यांना हा चित्रपट मुळीच रुचला नव्हता. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्यास उत्तर म्हणून वेन यांनाच घेऊन 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला. तोही अवश्य पहावा. उत्तर म्हणून तो दुबळा आहे, करमणूक म्हणून बळकट.

आणि शेवट? मिलर मेल्यावर, जेव्हा आम्ही बसथांब्याकडे धावत होतो, तेव्हा लपलेले गावकरी बाहेर येतात. केन त्यांच्याकडे पाहतो, छातीवरचा बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. हा शेवट आम्ही नोकरीला लागल्यावर पाहिला. रजेवर घरी गेलो तेव्हा वडिलांना सांगितले. ते निवृत्त झाले होते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "टाकायला नको होता. टेबलावर ठेवून पावती घ्यायची." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या निरोपसमारंभाला कचेरीतले कितीसे लोक आले होते, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. त्या दिवशीही विचारले नाही.

तेव्हापासून आम्ही वेस्टर्न शेवटाकडून पारखू लागलो. 'शेन' (१९५३) मधला पाहुणा खोरे निर्धोक करतो आणि त्याच कारणाने तेथे राहू शकत नाही. 'द सर्चर्स' (१९५६) मध्ये जॉन वेन पळविलेल्या पुतणीचा वर्षानुवर्षे शोध घेतो, तिला घरी आणतो. सारे आत जातात, तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि दार लागते. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) आम्ही विशेष आग्रहाने सुचवितो. पुस्तके घेऊन आलेला एक वकील गुंडाला गोळी घालणारा म्हणून नावाजला जातो आणि त्या कीर्तीवर सिनेटर होतो. खरी गोळी झाडणारा मात्र विस्मृतीत मरतो. कायद्याचे राज्य येते, यावे, यात शंका नाही. पण ते कोणाच्या बंदुकीवर उभे राहिले, हे फोर्डने त्या पोरक्या शवपेटीसमोर आपणांस बसवून विचारले आहे. क्लिंट ईस्टवुडचा 'अनफर्गिव्हन' (१९९२) याच प्रश्नाची काळीकुट्ट बाजू दाखवितो. तो मुलांबरोबर पाहू नये. लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) संथ आहे. परंतु ठाकूरच्या कुटुंबाची हत्या सिप्पींना कोठून सुचली, हे कळण्यासाठी तरी पहावाच. 'मॅकेनाज गोल्ड' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप असा की या चित्रपटांत बायकांनी केवळ खिडकीत उभे राहावयाचे असते. आक्षेप बव्हंशी खरा आहे. त्यांना आम्ही 'ट्रू ग्रिट' दाखविला, १९६९ चा नव्हे, कोएन बंधूंचा २०१० चा. चौदा वर्षांची मॅटी वडिलांच्या खुन्याला पकडण्यासाठी एक मद्यपी, एकाक्ष मार्शल नेमते आणि घोड्यांच्या व्यापाऱ्याशी अशी घासाघीस करते की मंडईत जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीने मान डोलवावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यास आमच्यापाशी बचाव नाही. हे चित्रपट अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी सरसकट असत्य बोलतात. फोर्डच्या आवडत्या मॉन्युमेंट व्हॅलीत, जी नव्हाजो लोकांची भूमी आहे, त्याच नव्हाजोंना अपाची आणि कोमांची म्हणून उभे करून गोळ्यांनी पाडले जाई. उतारवयात फोर्डने 'शायेन ऑटम' (१९६४) काढून काही परिमार्जन केले, ते अपुरेच. मात्र आपण फार वर तोंड करून बोलू नये. १८७१ च्या कायद्यापासून इंग्रजांनी आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला. पुढे पारधी, कैकाडी त्यात ओढले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला. मनातून पुसला का, याची परीक्षा गावात चोरी झाल्यावर पहिले नाव कोणाचे घेतले जाते यावरून होते.

दूरचित्रवाणीविषयी थोडक्यात. 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ पर्यंत चालली, ६३५ भाग. ती सगळी पाहा असे सांगणे हा शत्रुत्वाचा प्रकार होईल. त्याऐवजी 'लोनसम डव्ह' (१९८९) ही चार भागांची मालिका पहावी. टेक्ससमधील दोन वृद्ध, निवृत्त शिपाईगडी गुरांचा कळप घेऊन दूर उत्तरेस मोंटानाला निघतात. मेंढरे घेऊन कोकणात उतरणाऱ्या आपल्या धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती धूळ परिचयाची वाटेल. दोघांपैकी एक वाटेत मरतो, आणि दुसरा त्याला दिलेल्या शब्दाखातर त्याचा देह शेकडो कोसांवरून माघारी टेक्ससला आणतो. मंडळातील साठीपुढच्या सभासदांनी ही मालिका दोन-दोन मिळून पहावी, अशी आमची सूचना आहे.

आता पुन्हा रामनगरला. ठाकूर बलदेवसिंग हाही केनसारखा माजी पोलीस अधिकारी. मूळ चित्रपटात तो गब्बरला स्वतः ठार मारतो. परंतु आणीबाणीचा काळ. माजी अधिकारी कायदा हाती घेतो हे परीक्षण मंडळास मानवले नाही. शेवट नव्याने चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला घेऊन गेले. स्पष्ट सांगतो, आम्हांस तो शेवट आवडत असे. गणपतीच्या मांडवात 'शोले'च्या संवादांची तबकडी वाजे तेव्हापासून आवडत असे, आणि पुढे सरकारी मीठ खाल्ल्यावर तर तो आमचा आदर्शच झाला. कायद्याने आपला मान राखून घेतला, असे आम्ही मित्रांना समजावीत असू.

२०२५ च्या जूनमध्ये मूळ शेवटासह जतन केलेली प्रत इटलीतील बोलोन्या येथे दाखविली गेली आणि १२ डिसेंबरला ती आपल्याकडे लागली. आम्ही उभयता येथेच गेलो. गब्बर मरतो, आणि त्यानंतर ठाकूर रडतो. विजयाचे हसू नाही. हात नसलेला तो माणूस, ज्याला आपले अश्रूही पुसता येत नाहीत, वीरूच्या आधाराने रडतो. सूड पुरा झाला आणि घर रिकामेच राहिले, हे ते रडणे सांगते. म्हणजे कायद्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी जे दृश्य कापले, तेच सुडाविरुद्धचे सर्वांत मोठे साक्षीपत्र होते. पन्नास वर्षे ते पुरावा म्हणून दाखल होऊ शकले नाही, आणि आम्ही निकालाचे समर्थन करीत राहिलो. नोकरीतही अशी काही समर्थने आमच्या सहीने गेली आहेत. त्यांची आठवण त्या अंधारात झाली.

गब्बर पडताच आमच्या रांगेतील निम्मे लोक उठले होते. एका तरुणाने आमच्या गुडघ्यांवरून जाताना नम्रपणे विचारले, "अंकल, संपला ना?" आम्ही त्याला खाली बसविले.

कार्यवाहांच्या संमतीने येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता याच सभागृहात 'हाय नून' दाखविण्याचे योजिले आहे. आधी चहा, मग चित्रपट. दिवे शेवटचे अक्षर जाईपर्यंत लावले जाणार नाहीत. आठनंतर रिंगरोडवरून बसेस भरपूर आहेत; आम्ही चौकशी करून ठेवली आहे.