हृदयविकार आणि हेतुपुरस्सर वजनघट



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, ते गणिताच्या तासाला उत्तराआधी रीत विचारीत. आजच्या विषयालाही मी तीच कसोटी लावणार आहे. हृदयविकार जडलेल्या स्थूल व्यक्तीने वजन उतरवावे काय, हा तो विषय.

नागपूरहून अँजिओप्लास्टी करवून पांढुर्ण्याला किंवा सौंसरला परतलेल्या रुग्णाचे गाल जरा बसले, की आप्तेष्ट हळहळतात, "पार वाळला हो!" मग पोळ्याला पुरणपोळी आणि तुपाचा आग्रह सुरू होतो. ही हळहळ निराधार नाही. हृदयरुग्णांच्या अनेक पाहण्यांत वजन घटलेलेच अधिक दगावल्याचे आढळले आहे. परंतु इथेच रीत तपासावी लागते. भूक मरून, क्षयाने, कर्करोगाने किंवा हृदय थकल्याने वजन झडते, तेव्हा ती घट आजाराचा परिणाम असते. आहार आणि व्यायामाने ठरवून उतरवलेले वजन ही वेगळी गोष्ट होय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पस्तीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची माहिती एकत्र करून हे दोन प्रकार वेगळे केले गेले. आपोआप वजन घटलेल्यांचा धोका वाढलेला, तर हेतुपुरस्सर घटवलेल्यांचा सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला.

तरीही घाईने निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत ५,१४५ मधुमेही व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात आहार-व्यायामाने वजन उतरले, साखर सुधारली. पण हृदयविकाराचे प्रसंग घटले नाहीत, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. उलट २०२३ मध्ये १७,६०४ स्थूल वा वजनदार हृदयरुग्णांवर सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी झाली, तेव्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. मात्र त्याचे सारे श्रेय वजनघटीला देता येत नाही. औषधाची स्वतःची क्रियाही त्यात असावी.

आपल्यासाठी आणखी एक बाब महत्त्वाची. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्याइतकाच कंबरेच्या फितीवर विश्वास ठेवावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

आता आचरणाविषयी. सहा महिन्यांत वजनाचा विसावा भाग उतरला, तरी रक्तदाब आणि साखर यांना उतार पडू लागतो. उपासतापास करून स्नायू झिजवू नयेत. डाळ-उसळ ताटात राहावी, तेलाची तर्री कमी व्हावी, चालणे डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावे. वजन उतरले म्हणून गोळ्या बंद करणे हे प्राणाशी खेळणे आहे. आणि प्रयत्नाविना वजन घटू लागले, किंवा दोन-तीन दिवसांत सूज येऊन एकाएकी वाढले, तर तत्काळ डॉक्टर गाठावा.

अखेरची विनंती घरच्या मंडळींना. एकट्याचे पथ्य एकत्र कुटुंबात टिकत नाही; संपूर्ण घराची चूल थोडी बदलली, तरच ते टिकते. आग्रह माणसाला जगवण्याचा असावा, वाढण्याचा नव्हे.