तारीख एक, दिवस दोन

६ जूनच्या दिनविशेषात शिवराज्याभिषेक, १६७४ आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याचे उतरणे, १९४४, या नोंदी एकाखाली एक येतात. पण दोन्हींतला ६ जून एक नाही. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, शके १५९६. रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर पाळणारा; त्याच्या हिशेबी तो ६ जून. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या लेखी तोच दिवस १६ जून. गडावर सोहळा एकदाच झाला, तारखा मात्र दोन पडल्या.

दोन गावांच्या पायल्यांसारखा हा प्रकार आहे. धान्याची रास तीच, पण मोठ्या पायलीने मापली की आकडा कमी भरतो. जुन्या कॅलेंडरचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे. ही पायली जरा जास्तच धान्य गिळणारी. शतकानुशतके मापता मापता १० दिवसांची तूट आली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरायला लावली. स्पेन, पोर्तुगाल यांनी नवी पायली लगेच घेतली. इंग्लंडने पोपचे माप म्हणून ते १७० वर्षे दूर ठेवले आणि १७५२ मध्ये ११ दिवस गाळून स्वीकारले.

म्हणून आकडा जुळला की दिवस जुळला, असे नाही. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस २३ एप्रिल १६१६ रोजी एकाच दिवशी गेले, हे पुस्तक दिनाला दरवर्षी हौसेने सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी एकदा पायली तपासायला हवी होती. सर्व्हांटिसची तारीख नव्या मापाची, तीही दफनाची. मृत्यू आदल्या दिवशीचा. शेक्सपिअरची जुन्या मापाची. माद्रिदमध्ये तेव्हा ३ मे उजाडला होता. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हेही असेच. न्यूटनचा १६४२ चा नाताळ इटलीत ४ जानेवारी १६४३ होता. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का साजरी होई, याचे मूळही इथलेच.

पुन्हा तेच: १७५२ पूर्वीची नोंद इंग्रजी कागदातली की पोर्तुगीज, हे आधी पाहावे. अलीकडच्या नोंदींना ही अडचण नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली, आणि वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला.